सही संचालकाची, पैसा सभासदांचा

नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या रोखे खरेदी प्रकरणाचा निकाल २२ डिसेंबर २०२३ रोजी लागला. प्रकरण २००२ सालचे. निकालाला एकवीस वर्षे लागली. बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष आणि निकालाच्या दिवशी सावनेरचे आमदार असलेले सुनील केदार यांना पाच वर्षांचा सश्रम कारावास आणि साडेबारा लाख रुपये दंड झाला. बँकेचे तेव्हाचे सरव्यवस्थापक आणि दलाल कंपन्यांशी संबंधित चौघे यांनाही शिक्षा झाली, तिघे निर्दोष सुटले. केदारांची आमदारकी गेली. पुढे नोव्हेंबर २०२४ च्या निवडणुकीत त्यांच्या पत्नी अनुजा केदार काँग्रेसकडून उभ्या राहिल्या आणि भाजपचे आशिष देशमुख निवडून आले. शिक्षेविरुद्ध अपील झाले. गुन्ह्याचा अंतिम निवाडा करणे न्यायालयांचे काम आहे, ते त्यांच्याकडेच राहू द्यावे.

मला बोलायचे आहे ते त्या टेबलाभोवतीच्या इतर खुर्च्यांविषयी. जिल्हा बँक ही एकट्या अध्यक्षाची पेढी नसते. तिला संचालक मंडळ असते आणि त्यात तालुक्यातालुक्यांतून निवडून आलेली माणसे बसतात. या प्रकरणात दीडशे कोटींच्या घरातली रक्कम बँकेबाहेर गेली. पण निकाल लागलेल्या नऊ जणांत बँकेची माणसे तीनच होती: अध्यक्ष, सरव्यवस्थापक आणि मुख्य लेखापाल. त्यांतले लेखापाल निर्दोष ठरले. बाकीचे संचालक त्या पिंजऱ्यात नव्हते. फौजदारी कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरच असेल, कारण गुन्हा ठरवायला हेतू आणि पुरावा दोन्ही लागतात. सावनेर, खापा, केळवद, पाटणसावंगीच्या चहाच्या टपऱ्यांवर इतकी वर्षे चर्चा चालली ती कोणी कोणाला अडकवले आणि कोण कोणाच्या गटाचा याची. बाकीचे संचालक त्या काळात काय करत होते, हा प्रश्न मी फारसा ऐकलेला नाही. आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणात समाज म्हणून आपण विचारायचा प्रश्न तोच होता.

आधी झाले काय ते नीट समजून घेऊ. सरकारी रोखा ही गुंतवणुकीतली सर्वांत निर्धोक वस्तू. सरकार कर्ज उभारते, रोखा देते, ठरलेल्या तारखेला व्याज देते. आपल्या ठेवींचा काही हिस्सा अशा रोख्यांत ठेवणे बँकांना कायद्यानेच भाग असते. तेव्हा रोखे घेण्याचा निर्णय चूक नव्हता. धोका रोख्यात नव्हता, रोख्यापर्यंत जाणाऱ्या वाटेत होता. पैसे थेट व्यवहारात न जाता खासगी दलाल कंपन्यांच्या हाती गेले. त्यांत मुंबईची होम ट्रेड ही सर्वांत गाजलेली. शाहरुख खान, सचिन तेंडुलकर, हृतिक रोशन यांच्या जाहिरातींनी तिने त्या काळात टीव्ही आणि वर्तमानपत्रे भरून टाकली होती. पैसे गेले, रोखे काही आले नाहीत. आली ती खरेदीची कागदपत्रे, ज्यांना त्या धंद्यात कॉन्ट्रॅक्ट नोट म्हणतात. वर्धा आणि उस्मानाबादच्या जिल्हा बँकाही याच कंपनीत अडकल्या. मे २००२ मध्ये रिझर्व्ह बँकेने फर्मान काढले की तिच्या देखरेखीखालील संस्थांनी सरकारी रोखे केवळ डीमॅट स्वरूपातच ठेवावेत. तोवर सभासदांचा पैसा निघून गेला होता.

आता या व्यवहारात संचालकाने विचारायचा प्रश्न कोणता? बाजारातल्या व्याजदरांचा अभ्यास नको, अर्थशास्त्राची पदवी नको. ‘आपण पैसे दिले, रोखे कुठे आहेत ते दाखवा,’ एवढेच. सावनेरच्या बाजारात कापूस विकायला आलेला शेतकरी काटापावती खिशात पडल्याशिवाय जिनिंगच्या फाटकाबाहेर पाय ठेवत नाही. आपल्या दहा क्विंटल कापसासाठी जो माणूस इतका सावध असतो, तोच संचालक म्हणून खुर्चीवर बसला की कोट्यवधींच्या व्यवहारात पावती मागायला का विसरतो? याचे उत्तर शोधायला हवे, कारण विसरणारी माणसे मूर्ख नव्हती आणि सगळी लबाडही नव्हती.

उत्तर शोधण्याआधी हेही पाहू की किंमत कोणी मोजली. आपल्याकडे शेतीच्या कर्जाची तीन पायऱ्यांची रचना आहे. वर राज्य सहकारी बँक, मध्ये जिल्हा बँक आणि खाली गावची सेवा सहकारी सोसायटी. मधली पायरी खचली की खालच्या सोसायटीचा सचिव हात वर करतो. मृगाच्या तोंडावर पीककर्ज मिळाले नाही तर कापूसवाला बियाण्याच्या दुकानात उधारी लिहितो, संत्रेवाला बहार हातात येण्याआधीच झाडावरचा माल व्यापाऱ्याला देऊन टाकतो आणि ज्याला यातले काहीच जमत नाही तो सावकाराकडे जातो. नागपूरची बँक पुढे बँकिंगचा परवाना नसलेल्या बँकांच्या यादीत गेली. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने अशा २३ जिल्हा बँकांच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली. त्यांत महाराष्ट्रातल्या तीन होत्या: नागपूर, वर्धा आणि बुलढाणा. तिन्ही विदर्भातल्या, तिन्ही कोरडवाहू शेतकऱ्यांच्या. केंद्र, राज्य आणि नाबार्ड यांनी पैसा ओतला तेव्हा कुठे त्या उभ्या राहू लागल्या. हा पैसाही शेवटी जनतेचाच. म्हणजे संचालकांच्या एका गप्प बसण्याचे बिल शेतकऱ्याने एकदा सभासद म्हणून भरले आणि पुन्हा एकदा करदाता म्हणून भरले.

आता कुठल्याही संस्थेचे प्रोसिडिंग बुक उघडून पाहा. गावची सोसायटी, पतसंस्था, बाजार समिती, सूतगिरणी, कुठलेही चालेल. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. विषय क्रमांक दोन, मागील महिन्याच्या जमाखर्चास मंजुरी देणे. मग कर्ज मागणी अर्ज, रजेचे अर्ज, इमारतीची रंगरंगोटी. आणि सर्वांत शेवटी, ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय’. प्रत्येक ठरावाखाली सूचक अमुक, अनुमोदक तमुक, आणि तीच एक ओळ: ठराव सर्वानुमते मंजूर. पाने उलटत जा, वर्षे उलटत जा, ती ओळ बदलत नाही. रंगरंगोटीच्या साडेचार हजारांवर अर्धा तास वाद झालेला असतो, कारण रंगाचे भाव सगळ्यांना ठाऊक असतात. मोठ्या गुंतवणुकीचा विषय ऐनवेळच्या यादीत येतो. व्यवस्थापक टिपण भरभर वाचतो, कोणी तरी ‘साहेबांनी पाहिलं आहे ना?’ एवढे विचारतो, साहेब मान हलवतात आणि रजिस्टर टेबलावर फिरू लागते. चहा आलेला असतो. सह्या होतात, बैठक भत्त्याच्या कागदावरही होतात. जे आले नाहीत त्यांच्या घरी शिपाई रजिस्टर घेऊन जातो.

संस्थेच्या पैशाचे काय होणार हे ठरते ते या खोलीत. लोकांना वाटते की पैशाचे निर्णय मॅनेजर आणि हिशेबनीस घेतात, संचालक हा मानाचा माणूस. कायदा असे मानत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७३ नुसार समितीच्या कार्यकाळातील निर्णयांना समितीचे सर्व सदस्य संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार असतात. याच कायद्याच्या कलम ८८ खाली संस्थेचे नुकसान करणाऱ्याकडून ते व्याजासह वसूल करता येते. कंपन्यांचा कायदा तर याहून स्पष्ट आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १७९ सांगते की कर्ज उभारणे, कंपनीचा पैसा गुंतवणे, दुसऱ्याला कर्ज देणे, ताळेबंद मंजूर करणे हे निर्णय संचालक मंडळाच्या बैठकीत ठराव करूनच घ्यायचे. लाभांश किती द्यावा याची शिफारसही मंडळच करते. कलम १६६ संचालकाला बजावते की कंपनीच्या हितासाठी सचोटीने, योग्य ती काळजी घेऊन आणि स्वतःची बुद्धी वापरून काम केले पाहिजे. स्वतःची बुद्धी, अध्यक्षांची नव्हे. बाहेरून आणलेला स्वतंत्र संचालकही सुटत नाही. मंडळासमोर आलेल्या गोष्टीत त्याने काळजी घेतली नाही असे दिसले तर कलम १४९ त्यालाही जबाबदार धरते.

कायदा इतका स्पष्ट असताना माणसे गप्प का बसतात? पहिले उत्तर सगळ्यांच्या तोंडी असते: ‘आम्हा शेतकऱ्यांना त्यातलं काय कळतं? शिकलेली माणसं बसवा, मग बघा.’ हे उत्तर मला पटत नाही, आणि न पटण्याला ठोस कारण आहे. हैदराबादच्या सत्यम कॉम्प्युटरच्या मंडळावर अडाणी माणूस एकही नव्हता. हार्वर्डचे प्राध्यापक कृष्ण पालेपू होते, पेंटियम चिपच्या घडणीत नाव झालेले विनोद धाम होते, भारत सरकारचे माजी कॅबिनेट सचिव टी. आर. प्रसाद होते, इंडियन स्कूल ऑफ बिझनेसचे अधिष्ठाता एम. राममोहन राव होते. १६ डिसेंबर २००८ रोजी या मंडळासमोर प्रस्ताव आला की सत्यमने मायटास नावाच्या दोन कंपन्या सुमारे १६० कोटी डॉलर देऊन विकत घ्याव्यात. त्या कंपन्या अध्यक्ष रामलिंग राजू यांच्याच कुटुंबाच्या. संगणकाचे काम करणाऱ्या कंपनीने अध्यक्षांच्या मुलांच्या बांधकाम कंपन्या का घ्याव्यात, हे विचारायला कुठली पदवी लागते? काही शंका विचारल्याही गेल्या. तरी ठराव मंजूर झाला. तो हाणून पाडला भागधारकांनी, तोही काही तासांत. शेअर बाजारात असा संताप उसळला की कंपनीला निर्णय मागे घ्यावा लागला. तीन आठवड्यांनी, ७ जानेवारी २००९ ला, राजूंनी पत्र लिहून कबूल केले की हिशेबात दाखवलेली हजारो कोटींची शिल्लक मुळात अस्तित्वातच नव्हती.

हार्वर्डचा प्राध्यापक आणि खाप्याचा संत्रा बागायतदार एकाच जागी अडखळत असतील तर अडचण शिक्षणाची नाही. अडचण आहे ती खुर्ची कोणी दिली याची. आपल्याकडे सहकारी संस्थेची निवडणूक पॅनेलवर होते. पॅनेल नेत्याचे असते. नेत्याने नाव घातले म्हणून माणूस संचालक होतो आणि पुढची पाच वर्षे त्याच्या मनात एकच हिशेब चालतो, की पुढच्या पॅनेलमध्ये नाव राहील की नाही. कंपनीत प्रवर्तक कुटुंब आपल्या ओळखीच्या प्रतिष्ठिताला बोलावते, त्याला मानधन आणि मान दोन्ही देते. दोन्हीकडे संचालकाची निष्ठा खुर्ची देणाऱ्याकडे वळते. पैसा ज्यांचा आहे ते सभासद आणि भागधारक त्या खोलीत नसतातच. यात लाच नसते. असतो तो भिडस्तपणा, उपकाराचे ओझे आणि आपण एकटे पडू ही भीती. आपल्या समाजात या तिन्ही गोष्टींना सद्गुण समजण्याची सवय आहे. ‘साहेबांचा शब्द मोडला नाही’ हे आपण कौतुकाने सांगतो. पण जिथे दुसऱ्याचा पैसा आपल्या ताब्यात आहे तिथे असे शब्द न मोडणे हा सभासदांशी केलेला द्रोह आहे. मी हा शब्द जाणूनबुजून वापरतो आहे.

याचे सर्वांत उघडे रूप मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेत दिसले. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातले आणि ठेवीदारांना सुरुवातीला प्रत्येक खात्यातून फक्त १,००० रुपये काढता येतील असे सांगितले. बँकेच्या एकूण कर्जापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक कर्ज एचडीआयएल या एकाच बांधकाम उद्योगाला गेले होते आणि ते झाकायला २१,००० हून अधिक बनावट खाती दाखवली होती. बँकेचे अध्यक्ष वरियम सिंग एकेकाळी त्याच एचडीआयएलच्या संचालक मंडळावर होते. इतके पुरे आहे.

सरकारने उपाय केले नाहीत असे नाही. सहकार कायद्यात तज्ज्ञ संचालक आले. बँकिंग नियमन कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर सहकारी बँकांच्या मंडळावरही ५१ टक्के सदस्य विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेले हवेत अशी अट लागू झाली. पण त्या ज्ञानाच्या यादीत लेखाशास्त्र आणि कायद्याबरोबर शेती, ग्रामीण अर्थव्यवस्था आणि सहकार हेही विषय आहेत. ग्रामीण जिल्ह्यात ही अट न पाळणारे मंडळ शोधूनही सापडणार नाही. शेतकरी मंडळावर असावाच, ती बँक त्याची आहे. माझे म्हणणे एवढेच की पात्रतेच्या अटीने स्वभाव बदलत नाही. निवडणुकीत पडलेल्या कार्यकर्त्याची सोय म्हणून तज्ज्ञ संचालकाची जागा वापरली जाते हे तालुक्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे, आणि प्रत्येकजण ते चालवून घेतो.

महाराष्ट्राला वेगळा मार्ग माहीत नव्हता असे मुळीच नाही. प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांचे भागभांडवल गोळा करून साखर कारखाना उभा केला, १९५० साली तो सुरू झाला, आणि त्याचे अध्यक्षपद पहिली काही वर्षे होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे. विखे पाटील स्वतः त्या खुर्चीवर बसू शकले असते. परिसरात त्यांचा शब्द चालत होता. पण लोकांचा पैसा उभारणारा माणूस आणि त्या पैशावर नजर ठेवणारा माणूस एकच असू नये, एवढे त्या पिढीला उमजले होते असे मला त्यावरून दिसते. पुढच्या पिढीने कारखाना घेतला, हा विवेक घेतला नाही.

एक गोष्ट मात्र मला सर्वांत अधिक टोचते. सहकारी संस्थांच्या समितीवर महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. या जागांवर बहुतेक वेळा कोण येते हे वेगळे सांगायला नको: कोणाची पत्नी, कोणाची सून, कोणाची वहिनी. सभेला जातो नवरा. रजिस्टर घरी येते, ती चुलीजवळून हात पुसत येते, शिपाई बोट ठेवतो तिथे सही करते. उद्या वसुलीची नोटीस निघाली तर ती तिच्या नावाने निघते, कारण जबाबदारी संयुक्त आणि वैयक्तिक असते. आणि याच बाई आठवड्याला बचत गटात बसतात तेव्हा काय होते ते पाहा. सतरंजीवर पंधरा जणी बसलेल्या, मध्ये पेटी, सगळ्यांच्या देखत नोटा मोजल्या जातात, कोणाचा हप्ता आला, कोणाचा राहिला ते मोठ्याने वाचले जाते. कर्ज कोणाला आणि कशासाठी द्यायचे यावर भांडण होते, खरे भांडण. ‘मागल्या वेळचे फेडले नाहीत, आता कशाला?’ असे तोंडावर विचारले जाते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि हिशेबाच्या नोंदी ही गटाची पंचसूत्री त्यांना तोंडपाठ असते. शे-दोनशेच्या हप्त्यांवर जी बाई इतक्या करडेपणाने नजर ठेवते, तिलाच आपण कोटींच्या मंडळात सहीपुरती ठेवतो. ज्यांच्या अंगी पैसा सांभाळण्याची खरी शिस्त आहे त्यांना दाराबाहेर बसवायचे आणि वर म्हणायचे की चांगली माणसे मिळत नाहीत! या खोट्या तक्रारीला मी कंटाळलो आहे. ज्या घरात संचालिका आहे त्या घरातल्या पुरुषांनी आजपासून एवढे करावे: सभेला तिला जाऊ द्यावे आणि तिच्या जागी आपण घरी थांबावे.

हे सारे आत्ताच बोलण्याचे कारण आहे. सहकारी सोसायटीचे जे झाले तेच नव्या रूपात पुन्हा होण्याची वेळ आली आहे. विदर्भात गावोगाव शेतकरी उत्पादक कंपन्या निघत आहेत. कापसाच्या, संत्र्याच्या, तुरीच्या. ही रचना कायद्यात आली ती २००२ च्याच दुरुस्तीने. दहा किंवा अधिक शेतकरी एकत्र येऊन कंपनी करू शकतात, संचालक किमान पाच आणि जास्तीत जास्त पंधरा. २०२० च्या फेब्रुवारीत केंद्राने १०,००० शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना सुरू केली. तिच्यात प्रत्येक संघटनेला तीन वर्षांत १८ लाखांपर्यंत व्यवस्थापन खर्च आणि सभासदांच्या भागभांडवलाच्या बरोबरीने १५ लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते. म्हणजे पैसा येतो आहे. संचालक कोण आहेत? बऱ्याच ठिकाणी संस्था उभी करून देणाऱ्याने गोळा केलेली नावे. त्यांचे आधार आणि पॅन कार्ड घेतले, डिजिटल सही काढली आणि ती सही आता कोणाच्या लॅपटॉपमध्ये आहे हे त्यांना ठाऊक नाही. पूर्वी निदान शिपाई रजिस्टर घेऊन घरी येत होता. आता सही करणाऱ्याला कळतही नाही की त्याने सही केली. उत्पादक कंपन्यांच्या कायद्यातही तरतूद तीच आहे: नियमबाह्य ठरावाच्या बाजूने मत देणारे संचालक नुकसानभरपाईला संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार. ज्या तरुणांनी गावाच्या भल्यासाठी म्हणून अशा कंपनीत संचालकपद घेतले आहे, त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की आपली डिजिटल सही आजच आपल्या ताब्यात घ्या.

संचालकाने करायचे काय? फार थोडे. सभेचे टिपण सात दिवस आधी हातात मागायचे. पैशाचा मोठा विषय ऐनवेळी आला तर तो पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवायला सांगायचे. पैसा कोणाकडे जातो आहे आणि त्या माणसाशी या टेबलावरच्या कोणाचे नाते किंवा धंदा आहे का, हे उघड विचारायचे. गुंतवणूक झाली असेल तर तिचा पुरावा डोळ्यांनी पाहायचा, कॉन्ट्रॅक्ट नोट नव्हे, खात्याचे विवरण. आणि पटले नाही तर ठरावाखाली आपला विरोध कारणासह लिहून घ्यायला लावायचा. रजिस्टरमध्ये लिहिलेला विरोध हा एकट्या संचालकाच्या हातातला सर्वांत मोठा अधिकार आहे. तो ठराव अडवणार नाही कदाचित, पण लेखापरीक्षक तो वाचतो, निबंधक वाचतो, पुढे न्यायालयही वाचते. ‘एकट्याने विरोध करून काय होतं?’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की सर्वानुमते लिहिलेला ठराव अध्यक्षाला जी ताकद देतो, ती एका विरोधी नोंदीने निम्मी होते. सगळ्यांच्या सह्या आहेत म्हणूनच गैरकारभार करणारा निर्धास्त असतो.

आणि आपण, जे खुर्चीवर नाही, पण ज्यांचा पैसा तिथे आहे? आपली जबाबदारी कमी नाही. २००२ चे प्रकरण उघड झाल्यावरही सावनेरच्या मतदारांनी केदारांना २००४, २००९, २०१४ आणि २०१९ अशा चार विधानसभा निवडणुकांत निवडून दिले. त्यामागे त्यांचा जनसंपर्क होता, अडीअडचणीला धावून जाणे होते, वडिलांपासून चालत आलेले सहकारातले घराणे होते. निकाल लागायला एकवीस वर्षे लागली तर मतदाराने किती थांबावे, हाही प्रश्न रास्त आहे. मी त्या मतांना नावे ठेवत नाही. पण दवाखान्यात मदत करणारा माणूस आणि आपली ठेव सांभाळणारा माणूस, या दोघांना लावायची कसोटी वेगळी असते हे आपण विसरलो. आमदार निवडताना काय पाहायचे ते ज्याने त्याने ठरवावे. संचालक निवडताना मात्र एकच पाहावे: हा माणूस आपल्याच पॅनेलच्या नेत्याला भरसभेत ‘हिशेब दाखवा’ असे म्हणू शकेल का? म्हणू शकत नसेल तर तो आपला नातेवाईक असला, आपल्या जातीचा असला, आपल्या गावचा असला तरी त्याला मत देऊ नये.

वार्षिक सर्वसाधारण सभा हा सभासदाचा दिवस असतो आणि तो आपण जेवणावळीत घालवतो. अहवालाचे पुस्तक छापलेले असते, वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ‘मंजूर, मंजूर’ असा घोष होतो आणि दहा मिनिटांत वर्षाचा हिशेब संपतो. त्या पुस्तकात गुंतवणुकीचे पान असते, लेखापरीक्षकाचे शेरे असतात, संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना दिलेल्या कर्जाची माहिती असते. ही तीन पाने वाचायला एक संध्याकाळ पुरते. कळले नाही तर गावातल्या वाणिज्य शाखेच्या पोराला विचारा, शाळेतल्या गुरुजींना विचारा. चार जणांनी मिळून वाचा आणि सभेत एक प्रश्न लेखी द्या. उत्तर मिळाले नाही तर तो प्रश्न इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.

सहकारी संस्थांना ही सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. उत्पादक कंपनीला सभेच्या किमान चौदा दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि तिच्यासोबत तपासलेला ताळेबंद व मागच्या सभेचे इतिवृत्त जोडावे लागते. यंदा नोटीस आली की अहवाल मागून घ्या, वाचा, आणि घरातल्या सभासद बाईला बरोबर घेऊन सभेला जा.